ढवळूचा अंगठा

कोंडी धवलेरी बाकी कशात खोटं बोललीही असेल, पण लग्नाच्या बाबतीत कधीच नाही. वावर गावाच्या आसपासच्या पाड्यांवर लग्न लागायचं ते तिच्या गाण्यानं. पालघट देवीला साक्ष ठेवून ती गायची, तेव्हा लग्न झालं म्हणायचं. घर मांडायला आणि लेकरं व्हायला मात्र कुणी तिच्या गाण्याची वाट बघत नसे. मनं जुळली की झोपडी उभी राहायची, लग्न कणगीत भात उरेल त्या साली. एकदा तिनं आई आणि लेक एकाच मांडवात उजवल्या होत्या. कुणाला त्याचं हसू आलं नव्हतं, कारण हसण्यासारखं त्यात होतं काय?

पण दवाखान्याचे कायदे पाड्यावर थोडेच होतात!

जव्हारच्या राजाचं राज्य जाऊन सहा वर्षं झाली होती. जंगलतोड आता सोसायटीकडे होती आणि सोसायटीनं लाकडाच्या डेपोत दवाखाना काढला होता. दर गुरुवारी डॉक्टर यायचा, एक वाजता उठून जायचा. फॉरेस्टवाल्यांच्या घरची माणसं थेट आत जायची. मग पिवळं कार्ड असलेले सोसायटीचे सभासद. बाकी सगळ्यांना पांढरी चिठ्ठी, म्हणजे वेळ उरला तर बघू. वेळ कधी उरत नसे.

कोंडीचा भाचा ढवळू सोसायटीचा सभासद. तो दोन दिवसांच्या वाटेवर लाकूडतोडीला गेला होता. मागं त्याची अडीच वर्षांची बाळी चार दिवस तापानं फणफणत होती, श्वास घेताना छाती वाजत होती. झाडपाला झाला, भगत झाला. शेवटी ढवळूची बायको हिरी लेकीला झोळीत घालून निघाली आणि कोंडी तिच्याबरोबर. पिवळं कार्ड हिरीनं पदरात घट्ट बांधलं होतं.

त्या पोचल्या तेव्हा गार्डाची बायको आत होती. तिच्या बोटात काटा गेला होता. काट्याला अर्धा तास लागला. कोंडी ओट्यावर बसून बाळीचे श्वास ऐकत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती.

मग कारकुनानं हिरीला पुढं बोलावलं. कार्ड उलटंपालटं केलं.

"ढवळूची कोण तू?"

"बायको."

"लग्नाची?"

हिरीनं कोंडीकडं बघितलं. कोंडी ताठ मानेनं म्हणाली, "लगीन व्हायचंय. औंदा नाय तर पुढल्या साली. लावणार मीच हाय."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "कार्ड लग्नाच्या बायकोला आणि तिच्या मुलांना. तुम्ही पांढऱ्या रांगेत बसा."

"आरं, पण पोर त्याचीच हाय."

"असेल. रांगेत बस, म्हातारे."

पांढऱ्या रांगेत तेरा माणसं होती आणि घड्याळात बारा वाजून गेले होते. टेबलापुढं पाड्यावरच्याच पुंजाची गोदा पिवळं कार्ड घेऊन उभी होती. तिचं तरी कुठं लग्न झालं होतं? कारकुनानं विचारलं, ती "हाय" म्हणाली आणि आत गेली. जाताना कोंडीकडं न बघता गेली.

हिरी हळूच म्हणाली, "आत्ये, हाय म्हणली असतीस तर?"

हे ऐकून कोंडीच्या काळजाचं पाणी झालं. खरं बोलायची शिक्षा तिला झाली असती तर तिनं हसत सोसली असती, पण ती अडीच वर्षांच्या पोरीला झाली होती. आणि हा कसला न्याय, की काट्याला दार उघडं आणि छाती भरलेल्या लेकराला बंद?

ती उठली. खायला आणलेले तांदूळ गाठोड्यातून काढले आणि हिरीला हाताला धरून टेबलापुढं उभी केली.

"ह्या कार्डावर कुणाचा अंगठा हाय?"

"ढवळूचा," कारकून म्हणाला.

"तुमच्यात अंगठा म्हंजे माणूस ना? अंगठा दिला की जंगल तोडायला पाठवता, अंगठा दिला की सभासद. मग नवरा आला म्हण."

तिनं कार्ड हिरीच्या हातात दिलं, तांदूळ टाकले आणि गायला लागली. आधी एकटीच. मग पांढऱ्या रांगेतल्या बायांनी सूर धरला. डॉक्टर दाराशी येऊन उभा राहिला. गाणं पुरं झालं तसं कोंडी म्हणाली, "लागलं लगीन. लिही."

कारकुनानं खरंच लिहिलं. तारीखसुद्धा लिहिली. मग तारखेकडं बघून म्हणाला, "लग्न आजचं. मुलगी अडीच वर्षांची. लग्नाआधीचं मूल कार्डावर बसत नाही. बायकोला घेता येईल."

झोळीत बाळीची छाती वाजतच होती.

कोंडीनं झोळीतून बाळीला उचललं आणि हिरीच्या छातीशी दिलं.

"पोर आजारी नाय," ती म्हणाली. "आई आजारी हाय. पोर अंगावर पिती, म्हणून संगं."

कारकुनानं डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टर म्हणाला, "आईला आत घ्या." हिरीला एका शब्दानं न विचारता त्यानं नळी बाळीच्या छातीला लावली. सुई दिली, औषध दिलं, आणि वहीत नाव लिहिलं हिरीचं.

हिरी बाहेर आली तेव्हा बाळी रडत होती. चार दिवसांत पहिल्यांदा तिला रडण्याएवढी ताकद आली होती. "चल आत्ये," हिरी म्हणाली.

कोंडी उठली नाही. पायरीवर, टेबलाला लागून बसली होती. एक वाजायला अजून वेळ होता. कारकुनानं पुढच्या बाईचं पिवळं कार्ड हातात घेऊन विचारलं, "लग्नाची?" बाईनं खाली मान घातली.

"लग्नाची," कोंडी म्हणाली. "मीच लावलंय."

कारकुनानं तिच्याकडं रोखून बघितलं. "आणि मागचीचं?"

"तिचंबी. ह्या रांगेतल्या समद्या मीच उजवल्यात. लिही तू. देवीचं माझं मी बघीन."