महाराणीचं दुखणं

गाडी घेताना नवऱ्याने मला एकच कारण सांगितलं, आणि त्यापुढे माझं तोंड बंद झालं. "बाबांनी जन्मभर दुसऱ्यांना मागे बसवून गाडी चालवली. आता त्यांना मागे बसवायचंय."

माझे सासरे एका बड्या मालकाकडे ड्रायव्हर होते. मालकाची गाडी अशीच, लांबलचक आणि काळी. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, माझं कपडे अल्टर करायचं. असली नवी गाडी आमच्या सात पिढ्यांना झेपली नसती, म्हणून ही वापरलेली. चामड्याच्या सीटा, लाकडी पट्ट्या, बटण दाबलं की मागच्या काचेवर आपोआप सरकणारा पडदा. मी तिला महाराणी म्हणायला लागले. सुरुवातीला कौतुकाने, नंतर दात खाऊन.

कारण रोज सकाळी महाराणी रुसलेली असायची. गाडी चालू केली की समोर पिवळे-लाल दिवे. घड्याळात मध्यरात्रीचे बारा. सीट नवऱ्याची उंची विसरलेली, काचा अर्ध्यावर अडकलेल्या. पहिल्या चौकापर्यंत गाडी असे हिसके द्यायची की माझ्या मांडीवरचे इस्त्री केलेले कोट पायाशी जाऊन पडायचे.

मेकॅनिक तिला लॅपटॉप जोडून बसायचा आणि डॉक्टरसारखा चेहरा करायचा. "वीज कुठेतरी तुटतेय, वहिनी." बॅटरी बदलली. सेन्सर बदलले. डॅशबोर्ड उघडून कसलासा डबा बदलला. गंमत म्हणजे त्याच्या गॅरेजमध्ये ठेवली की बाईसाहेब अगदी शहाण्यासारख्या वागायच्या. घरी आणली, एक रात्र गेली, की पुन्हा तेच रडगाणं.

"विकून टाक ती," मी म्हणायचे.

"बाबा एकदा मागे बसू देत, मग विकतो."

आणि बाबा बसायला तयार नव्हते. "आधी बरी होऊ दे तिला," ते म्हणायचे, आणि निमूटपणे पुढे, नवऱ्याच्या शेजारी बसायचे. मागे मी आणि माझे कोट. डोळे अधू झाल्यापासून त्यांनी चालवणं सोडलं होतं, पण गाडीची बाकी सेवा त्यांच्याकडेच होती. संध्याकाळी कव्हर घालायचं, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून काढायचं, काचा पुसायच्या. त्या लोखंडाला ते तळहाताच्या फोडासारखं जपायचे. मला हे बघूनही चीड यायची. गाडीने आमच्या नाकी नऊ आणलेत, आणि हे तिचं तोंड पुसताहेत!

एका संध्याकाळी गिऱ्हाइकाचा कोट डिकीत राहिला म्हणून मी पार्किंगमध्ये गेले. डिकी उघडी, आणि बाबा कमरेत वाकून आत शिरलेले. हातात पाना.

"बाबा, काय करताय?"

"हिची बॅटरी इथे डिकीत असते ना, तिची वायर काढतोय," ते सहज म्हणाले. "रोज काढतो. सकाळी तुम्ही यायच्या आत जोडून ठेवतो."

मला क्षणभर कळेना की हसावं की डिकीवर डोकं आपटावं. "रोज?"

"मालकांची आधीची गाडी रात्री उभ्या-उभ्या जळाली होती. वायर शॉर्ट झाली. तेव्हापासून त्यांचा हुकूम होता, गाडी लावली की वायर काढायची. माझ्या हातातल्या गाडीला शेवटपर्यंत काही झालं नाही."

"अहो बाबा, ही त्या काळातली गाडी नाही! हिची वीज तोडली की हिला काहीच आठवत नाही. ते दिवे, ते हिसके... सगळं यामुळेच होतंय. आम्ही अर्धी गाडी बदलली!"

मी ओरडलेच. सहा महिन्यांचा राग होता, तो एका वाक्यात कसा मावणार? बाबांनी पाना रुमालात गुंडाळला, डिकी हळूच लावली, त्यांच्याकडची गाडीची दुसरी चावी माझ्या हातात ठेवली.

"त्याला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून महाराणी इतकी गुणी झाली की नवऱ्याने मेकॅनिकच्या हाताचे गोडवे गायला सुरुवात केली. मी तोंड दाबून ऐकलं. बाबा सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात दिसायला लागले. कव्हर घालायचं काम नवऱ्याकडे आलं. "पाठ धरलीय," बाबा म्हणायचे. पाठीला काही झालं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी नवऱ्याने गाडी दारात आणली, उतरून मागचं दार उघडलं. आता बाबांकडे सबब उरली नव्हती. ते आत बसले. मी पुढे बसले. शहराबाहेरच्या रस्त्याला गाडी लोण्यासारखी चालली होती. एकही दिवा नाही, एकही हिसका नाही. नवऱ्याने बटण दाबून पडदा वर केला, खाली केला.

"कसं वाटतंय, बाबा?"

"छान आहे."

मी मागे वळून पाहिलं. एवढ्या रुंद सीटच्या एका कडेला ते अंग चोरून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलेला माणूस असाच बसतो. नवऱ्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. आम्ही त्यांना मागे बसवलं होतं खरं. आता त्यांच्याकडे करण्यासारखं काहीच ठेवलं नव्हतं.

मला स्वतःचाच राग आला, नवऱ्याचा आला, महाराणीचा तर आलाच.

"कसला आवाज येतोय?" मी म्हणाले.

"कुठला आवाज?" नवरा दचकला.

"खालून. घासल्यासारखा. बाबा, तुम्हाला येतोय का?"

आवाज नव्हता. गाडी इतकी गप्प होती की मला माझा श्वास ऐकू येत होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते सीटच्या पुढच्या टोकाला सरकले, मान तिरकी केली, डोळे मिटून कान दिला.

"येतोय," ते म्हणाले. "उजव्या चाकाकडून. बारीक आहे, पण येतोय. गाडी बाजूला घे."

"आता काय झालं हिला!" नवऱ्याने स्टिअरिंगवर हात आपटला आणि गाडी कडेला लावली.

तो बाहेर पडेपर्यंत बाबा बाह्या सरसावून चाकाशी उकिडवे बसले होते, पाठबीठ विसरून.