बादलीतली वाफ

त्या शनिवारी आई बाजारात गेली होती. बाबा आणि मी मसूर अन् सॉसेज खात बसलो होतो. बाबा सिनेमात भांडखोर शेजारी करायचे. पडद्यावर भिंतीपलीकडचा शेजारी म्हणजे ओनोरेकाका. सात वर्षं दोघांनी एकमेकांच्या अंगावर खळ, कोबी, जिवंत कोंबड्यासुद्धा फेकल्या. प्रत्येक सिनेमाच्या शेवटी काका बाबांवर पाण्याची बादली रिकामी करायचे, आणि लोक हसून हसून खुर्चीतून पडायचे.

"नवा सिनेमा बघितला," मी म्हणाले. "बादलीतून वाफ निघत होती. भांडण कसलं, अंघोळ घालतायत असं वाटलं."

बाबांचा चमचा थांबला. "दिसत होती?"

"स्पष्ट."

"ओनोऱ्या गाढव आहे. थंडी पडली की पाणी तापवून आणतो." ते हसले आणि त्यांनी चीज मागितलं.

सोमवारी चित्रीकरणात त्यांनी भर फेब्रुवारीच्या थंडीत, उघड्या अंगणात गार पाणी अंगावर घेतलं. दहाव्या दिवशी न्यूमोनियाने गेले.

दफनानंतर काका घरी आले. आईने त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. "गार पाणी ओतताना हात नाही थरथरला तुमचा?"

"चुकलं, वहिनी," टोपी चुरगाळत ते म्हणाले.

मी आईच्या मागेच उभी होते. अपराध्याला झोप लागत नाही, असं मी कितीतरी पुस्तकांत वाचलं होतं. मला लागली.

महिन्याभरात बेकरीतल्या बायका म्हणू लागल्या की त्या दोघांचं वैर खरंच होतं. काकांसमोर भिंतीपलीकडे उभं राहायला कुणी नट तयार होईना. तेव्हा मी त्यांच्या खोलीवर गेले.

"बाबांनीच गार पाणी मागितलं ना? मग आईला का नाही सांगितलंत?"

"गेलेल्या माणसावर ढकलू?" ते म्हणाले. "तीनदा नाही म्हटलं मी. पण वाफ दिसते, हे कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. आणि एकदा भरलं की तुझा बाप कुणाचं ऐकतोय!"

ते 'कुणीतरी' म्हणाले; ते कुणी, हे मात्र त्यांनी मला विचारलं नाही. मी त्यांचा कोट खुंटीवरून काढला.

"चला माझ्याबरोबर."

"पोरी, वहिनी परत दार लावतील."

आईने दार उघडलं. त्यांना बघून तिचा हात कडीवर घट्ट झाला. "यांना कशाला आणलंस?"

"आई, पाणी काकांनी ओतलं," मी म्हणाले. "पण वाफ दिसते, हे बाबांना मी सांगितलं होतं. मी."