समुद्र नेहमी खाली

वडिलांना जाऊन चाळीस दिवस झाले होते; रिवाजाप्रमाणे त्यांच्या नावाचे उकडलेले गहू ग्रीक बेटावरच्या त्या देवळात वाटून झाले. उरलेली एक पुडी खिशात टाकून आर्गिरो थेट डोंगरावर गेली. पुडी झानिसकाकांच्या वाट्याची होती. ते देवळात आलेच नव्हते.

दक्षिण उतारावर ते रस्त्याच्या इंजिनिअरसाठी खणत होते. मास्तरांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तीस वर्षं डोंगर तुडवून काढलेला नकाशा इंजिनिअरच्या हातात होता. चाच्यांना समुद्रावरून दिसू नये म्हणून पूर्वजांनी डोंगराच्या खोलगटात वसवलेलं जुनं गाव त्यात होतं, आणि गावाचं पाण्याचं टाकं. ते सापडलं तर नवा रस्ता वळणार होता. नाहीतर उद्या बुलडोझर.

"ताई, तीन खड्डे झाले," इंजिनिअर म्हणाला. " नुसता खडक."

"मास्तर गोष्टी रंगवायचा झकास," झानिसकाका फावड्यावर रेलत म्हणाले. "साठ वर्षं इथं बकऱ्या चारल्या. टाकं असतं तर एखादी तरी पडली असती."

"काका, तुमच्या बकऱ्या तुमच्यापेक्षा हुशार. पडतील कशा?"

इंजिनिअर हसला. आर्गिरोनं नकाशा पाहिला. रेघा टोकदार, अक्षर ताठ. तळाशी लिहिलं होतं : समुद्र.

"वरची बाजू कुठली धरलीत?"

"उत्तर. नकाशात वर उत्तरच असते."

"तुमच्या अथेन्समध्ये. आमच्याकडे माणूस बंदरावर जातो तेव्हा खाली जातो. समुद्र नेहमी खाली. आणि आमचं बंदर उत्तरेला आहे."

"मग काय, समुद्र डोक्यावर काढायचा?" झानिसकाका म्हणाले, आणि त्यांची नजर खड्ड्यांकडे गेली. तीन खड्डे त्यांनीच खणले होते.

तिनं कागद उलटा फिरवला आणि माथा ओलांडून उत्तरेला उतरली. नकाशात लिहिलं होतं : जुन्या खळ्यापासून अंजिराच्या झाडाच्या दिशेनं साठ पावलं. वडिलांची पावलं लांब असत, म्हणून तिनं ढांगा टाकल्या.

"इथं."

चौथ्या घावाला फावडं फरशीवर वाजलं. आवाज पोकळ होता. पहारीनं फरशी सरकवली, काकांनी आत खडा टाकला. खूप खालून पाणी बोललं.

इंजिनिअर वर गेला आणि रस्त्याच्या खुंट्या उपटू लागला. जाताना म्हणाला, "उत्तरेचा बाण तेवढा घाला नकाशात."

"नाही. एक रेघही नाही."

झानिसकाकांनी टोपी काढली. आर्गिरोनं पुडी पुढं केली. त्यांनी मातीच्या हातानंच मूठभर गहू तोंडात टाकले.

"देव मास्तरला क्षमा करो," रिवाजाचे शब्द ते म्हणाले, मग चावता चावता, "मलाही."