लागला

टिनर्स गलीच्या फुटबॉल संघातून जेबेझ ट्रेम्बाथ पंधरा वर्षं खेळला आणि पंधरा वर्षांत त्याने एकही गोल मारला नाही. त्याचं काम दुसऱ्यांनी मारलेले गोल पुसण्याचं. आपल्या बाजूच्या दोन खांबांपुढे उभं राहायचं आणि समोरून चेंडू आला की मध्ये कडमडायचं. असे कडमडणारे गावोगाव असतात, त्यांची नावं कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. जेबेझचं नाव मात्र तिन्ही खोऱ्यांत झालं होतं, आणि तेही एका शब्दावर.

आमच्या खेळाचा नियम साधा. लाथाडलेला चेंडू खांबांमधून, मग तो कितीही उंचावरून का होईना, गेला की गोल. वाटेत तो कोणाच्या हाताला नुसता चाटून गेला तरी गोल बाद. लागला की नाही लागला हे ठरवायला खांबांमागे दोन निशाणं घेऊन एक पंच उभा असतो, गोल झाला की तो दोन्ही हलवतो. पण तोही माणूसच, त्याच्या डोळ्यांत ऊन येतं, धूळ जाते. जेबेझने या उन्हाधुळीवर आपली सगळी कारकीर्द उभी केली. चेंडू डोक्यावरून निघाला की तो उडी मारायचा, उजव्या हाताची बोटं फाकवायचा आणि चेंडू वीतभर वरून गेलेला असला तरी खणखणीत आवाजात सांगायचा, “लागला!” सांगताना चेहरा इतका भाबडा ठेवायचा की उचललेली निशाणं पंच मुकाट्याने खाली घ्यायचा.

आता आमची टिनर्स गली म्हणजे समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांची वस्ती. दारूला शिवणार नाही, रविवारी पत्त्यांना हात लावणार नाही, दोन वेळा चॅपलमध्ये जाणार आणि गाताना छप्पर उचलणार. अशा वस्तीत दर शनिवारी भर मैदानात खोटं बोलणारा माणूस खपला कसा? त्याचं उत्तर जेबेझने तयार ठेवलं होतं. तो म्हणायचा, माझ्या हाताला लागला असं मी कधी म्हणालोय का? मी नुसतं लागला म्हणतो, वाऱ्याला लागला असेल. लोकांनाही हा खुलासा पटायचा, विशेषतः ज्या शनिवारी आम्ही जिंकायचो त्या शनिवारी.

दोन वर्षांपूर्वी खाणीतला दगड कुटणाऱ्या गिरणीने त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट नेलं. संघाला वाटलं, संपला हा. तिसऱ्या शनिवारी जेबेझ हाताला फडकं गुंडाळून खांबांपुढे हजर. हात बोटभर आखूड झाला, तेव्हा उडी बोटभर उंच मारायची, एवढाच त्याने हिशेब केला.

पण त्या मधल्या बोटाला आपण गेल्याची खबरच नव्हती. थंडी पडली की ते ठणकायचं. चहाचा कप धरला की त्याला चटका बसायचा. मधूनच खाज सुटायची आणि जेबेझ डाव्या हाताने नुसती हवा खाजवत बसायचा. हे त्याने बायकोखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. लव्हडे त्याला म्हणायची, “खाजव की घरी हवं तितकं. चॅपलमध्ये नको. लोकांना वाटतं, माशा मारतोयस.”

चॅपलचा विषय नाजूक होता, कारण जेबेझच्या मनात एकच गोष्ट उरली होती. त्याला उपदेशक व्हायचं होतं. त्याचा बाप खाणीतून वर आला की अंगावरचा चिखल न पुसता उपदेश करायचा आणि लोक उभ्याने ऐकायचे. बापाचा आवाज जेबेझकडे आला होता, आणि तो पंधरा वर्षं एका शब्दावर खर्च होत होता याचं त्याला आतून फार वाईट वाटायचं. आता वय चौतिसाला टेकलेलं, गुडघे कुरकुरत होते. हा मोसम शेवटचा, पुढे व्यासपीठ, असं त्याने ठरवून टाकलं.

ठरवून काय होतं? मधे नवे पाद्री होते, रेव्हरंड युराया बोलिथो. मूर्ती लहान, भुवया जाड आणि फुटबॉलशी ओळख शून्य. जेबेझने अर्ज केला तेव्हा त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली आणि चारही ठिकाणी लोकांनी आधी हसून घेतलं. मग त्यांनी जेबेझला बोलावून सांगितलं, शनिवारी शेवटचा सामना आहे ना, मी येतो. त्या दिवशी एक जरी खोटं ‘लागला’ कानावर आलं, तर माझ्या हयातीत तू व्यासपीठाच्या पायऱ्या चढणार नाहीस.

आणि सामना कोणाशी? हॅलोरन्स क्रीकशी. सगळे आयरिश, सगळे कॅथलिक, सगळे आडदांड. मोसमाच्या गुणांत आम्ही पुढे होतो, म्हणजे बरोबरी झाली तरी कप आमचा. हरलो तर त्यांचा, आणि मग वर्षभर त्यांची तोंडं बघायची. पंच बाहेरचा आणला होता, द्राक्षमळेवाला जर्मन, कॉनराड क्लाइन. त्याला ना जेबेझ ठाऊक, ना जेबेझची बोटं.

कुंपणाशी पाद्रीसाहेब लव्हडेच्या शेजारी बसले. तिने त्यांच्या हातात बटाटा भरलेली गरम पेस्टी दिली आणि खेळ समजावून द्यायला घेतला. सुरुवातीला ते विचारत होते, हा मनुष्य त्या मनुष्याच्या पाठीवर का चढला? थोड्या वेळाने विचारू लागले, आपला मनुष्य का चढत नाही?

इकडे जेबेझची दैना. पहिल्या पंधरा मिनिटांत हॅलोरन्सच्या मॅलकी डिव्हेनने लांबून लाथ हाणली. चेंडू जेबेझच्या डोक्यावरून अडीच हात वरून गेला. जेबेझने उडी मारली, तोंड उघडलं आणि मिटलं. क्लाइनने दोन्ही निशाणं हलवली. आमचा कप्तान हॅनिबल रॉडा पळत आला आणि जेबेझला वाचा गेली का म्हणून विचारू लागला. दुसऱ्या गोललाही तेच झालं. आता खुद्द डिव्हेनला चैन पडेना. भांडायची सगळी तयारी करून आला होता बिचारा. जवळ येऊन म्हणाला, “ट्रेम्बाथ, बरं नाही का वाटत तुला?”

“ठीक आहे मी.”

“नाही, तू काही बोलला नाहीस. वाईट वाटतं रे असं.”

तरी आमची पोरं जिद्दीची. मेंढ्यांच्या लेंड्यांत घसरत, निलगिरीच्या बुंध्यांवर आपटत त्यांनी चार गोल केले. हॅलोरन्सचेही चार झाले. चार-चार. शेवटची दोन मिनिटं उरली. तेवढी काढली की कप घरी आणि जेबेझ व्यासपीठावर, दोन्ही एका दिवशी. जेबेझने मनातल्या मनात पहिल्या उपदेशाचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं.

तेवढ्यात डिव्हेनला चेंडू मिळाला. त्याने धावत येऊन सगळ्या आयर्लंडचा राग काढावा तशी लाथ घातली. चेंडू सरळ खांबांच्या मधोमध निघाला. जेबेझने उडी मारली, आयुष्यातली सगळ्यात उंच. चेंडू आखूड हाताच्या वरून सणसणत गेला, आणि जाताना मधल्या बोटाच्या टोकाला लागला. चामड्याची शिवण, ओला खरखरीतपणा, सगळं त्याला स्वच्छ कळलं. शहारा थेट खांद्यापर्यंत आला.

“लागला!” जेबेझ ओरडला.

पंधरा वर्षांत प्रथमच हा शब्द त्याच्या तोंडून आपणहून निघाला होता. कुंपणापलीकडून सगळी टिनर्स गली ओरडली, लागला, लागला. क्लाइनची निशाणं अर्ध्यावर थांबली. तो माणूस काटेकोर. निशाणं काखेत मारून तो शांतपणे पुढे आला.

“कोणत्या बोटाला?” त्याने विचारलं.

आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. जेबेझने हात समोर धरला आणि तो हाताकडे बघतच राहिला. अंगठा होता, त्याच्या शेजारचं बोट होतं, करंगळी होती. मधे खिंड. आणि त्या खिंडीत अजून झिणझिण्या येत होत्या.

रॉडाच्या सगळं ध्यानात आलं. तो जेबेझच्या कानाशी लागून म्हणाला, “अंगठ्याशेजारचं दाखव, गड्या. जर्मनाला काय कळतंय? नुसतं दाखव.”

खरंच, काय कळणार होतं? चांगलं धडधाकट बोट होतं ते, लांबही होतं. ते वर केलं की बरोबरी, कप, रविवार, सगळं आलं. पाद्रीसाहेबांना साठ पावलांवरून बोटं मोजता येणार नव्हती. उलट खरं बोललं तर वेड्यांत जमा, आणि गोलही गेला. जेबेझला रडूच आलं. पंधरा वर्षं धडधडीत खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी मानलं, आणि आज लागलाय तर दाखवायला बोट नाही.

“मधल्या,” तो म्हणाला.

क्लाइनने वाकून हात पाहिला. उलटा करून पाहिला. मग जागेवर जाऊन दोन्ही निशाणं हलवली.

आधी डिव्हेन हसला, मग हॅलोरन्सचे सगळे हसले, आणि मग आमचेही हसू लागले, कारण कप गेल्यावर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ती हकिकत मैदानभर जाईपर्यंत वेळ संपल्याची घंटा झाली. डिव्हेन हसता हसता खाली बसला आणि म्हणाला, आता खरा ट्रेम्बाथ आला. रॉडा हसला नाही. तो जेबेझकडे न बघता निघून गेला.

जेबेझ खांबाला टेकून उभा राहिला. लव्हडे आली, तिने काही न विचारता त्याचा तो आखूड हात आपल्या हातात घेतला आणि जिथे बोट नव्हतं तिथली हवा थोडी चोळली. तिच्यामागून पाद्रीसाहेब आले. टोपी कुठे पडली होती त्यांना ठाऊक नव्हतं, कॉलरला पेस्टीतल्या बटाट्याचा तुकडा चिकटला होता आणि घसा बसला होता.

“मी तुला काय सांगितलं होतं?” त्यांनी विचारलं.

“खोटं बोलायचं नाही.”

“मग?”

“मला लागला, पाद्रीसाहेब. नाही त्या बोटाला, पण लागला. आता तुम्ही काय ते ठरवा.”

बोलिथोंनी त्याचा हात बराच वेळ निरखला. “आणि ही दोन बोटं? ही तर आहेत. यांतलं एखादं दाखवलं असतंस तर कप आपल्याकडे राहिला असता. मलाही कळलं नसतं.”

“कळलं नसतं,” जेबेझ म्हणाला. “पण त्यांना नव्हता लागला.”

पाद्रीसाहेब खाली बघून बुटाने गवत उकरू लागले. लव्हडेकडे त्यांनी एकदा पाहिलं, तेव्हा ती दुसरीकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

“तुझी बायको सांगेलच, तेव्हा मीच सांगतो,” ते बसलेल्या घशाने म्हणाले. “तीन वेळा ओरडलो मी, लागला म्हणून. पुढे एक धिप्पाड लोहार उभा होता, मला तर चेंडूसुद्धा दिसला नाही. उद्या साडेदहाला तू उभा राहा. मी खाली बसून ऐकतो.”