वहिनीचा प्रश्न

वहिनीच्या पत्राला मी इतकी वर्षं उत्तर दिलं नाही. "भाऊजी, तुमचे दादा डोकं दुखतंय म्हणाले, म्हणून मी त्यांना झोपू दिलं. माझं चुकलं का?" एवढंच तिनं विचारलं होतं.

त्या दुपारी दादाची गाडी खांबावर आदळली. डोकं काचेवर आपटलं, पण साधं खरचटलंही नाही. तो चालत माझ्या ग्रंथालयात आला.

"काय रे पुस्तकी किड्या, चहा पाजतोस का?"

चहा पिऊन झाल्यावर त्यानं तेच पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदाही. एकच विनोद घोळवत बसायची त्याची सवयच होती, म्हणून मी हसलो. मग त्याला उलटी झाली.

"तुझ्या चहाचा गुण," तो म्हणाला. मी त्याला टॅक्सीत बसवून घरी पाठवलं.

त्या झोपेतून दादा उठलाच नाही. कवटीच्या आत रक्त साचत होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. तेच तेच विचारणं आणि उलटी ही त्याचीच लक्षणं होती.

परवा पुतणी सांगत होती, नातवंडं झोपली की वहिनी अजूनही त्यांना हलवून उठवते.

आज मी लिहिलं, "वहिनी, तो घरी यायच्या आधीच सगळं दिसत होतं. माझ्यासमोर. तुझं काही चुकलं नाही." आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.