स्वतंत्र पाड्याचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. वजन सहा किलो, धातू जर्मन, राष्ट्रीयत्व वादग्रस्त.

माझा जन्म भिवंडीत एका मोठ्या टोपासोबत झाला. अंजूरजवळच्या एका गावाने आम्हा दोघांना आणलं. ज्याच्या घरी लग्न, त्याच्या घरी आम्ही जायचो. माझ्यावर निखारे ठेवून भाताला दम द्यायचे. लोक भाताचं कौतुक करायचे. झाकणाचं कोणी करत नाही. सवय आहे.

नाल्यापलीकडे गावाचा एक पाडा होता. पाड्यात नळ होते, पाणी नव्हतं. तीन वर्षं मागूनही मिळेना, तेव्हा तिथल्या पुतळाबाईंनी वेगळ्या ग्रामपंचायतीसाठी अर्ज केला. अर्ज वर गेला, तो अजून वरच आहे. गावाने मात्र रागाने लगेच वाटणी केली. टोप गावाला, झाकण पाड्याला. अशा रीतीने मला स्वातंत्र्य मिळालं. वर्षभर माझ्यावर पापड वाळले.

मग पुतळाबाईंच्या नातीचं, हेमालीचं लग्न ठरलं. चारशे पानं. पाड्यात एवढा टोप नाही. मला डोक्यावर घेऊनच पुतळाबाई गावात गेल्या. भांडी सांभाळणारे हिरामण ओट्यावर बसले होते.

"आधी अर्ज मागं घे, काकी. मग टोप ने."

"न्हाय घेनार."

"मग परदेशी लोकांना भांडी देत न्हाय आमी."

"बरं. पन परवा दोनशे परदेशी तुज्याच गावातनं जेवायला येनार हायेत. पत्रिका गेल्यात. त्यांना झाकनात शिजवू का?"

हिरामण विचारात पडले. त्यांच्या घरचीच अकरा पानं होती.

लग्नाच्या दिवशी सकाळीच टोप नाला ओलांडून आला, चुलीवर चढला.

"पानी ओता," हिरामण म्हणाले.

"कुठलं?" पुतळाबाईंनी विचारलं.

हिरामणांनी पाड्याचा नळ उघडून पाहिला, तो कोरडाच. मग इस्त्रीच्या कपड्यांतली गावची माणसं हंडे घेऊन गावच्या नळावर गेली. तिसऱ्या खेपेला हिरामणांची चप्पल नाल्याच्या चिखलात राहिली.

"रोज कोन आनतं ह्ये?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"परदेशी बाया."

भात चांगला झाला. संध्याकाळी टोप मायदेशी परतला. सोमवारी हिरामण प्लंबरला घेऊन नाल्यावर पाइपाचं माप काढत होते. पुतळाबाईंनी दोघांना चहा दिला. अर्ज मागे घेतला नाही.

मित्रांनो, कोणी वेगळं व्हायचं म्हणालं, तर त्याची समजूत काढण्याआधी एक दिवस त्याच्या घरचं पाणी भरा. आणि झाकण घासताना कडेची काजळी तेवढी काढा. तिथपर्यंत कोणाचा हात पोहोचत नाही.