पेटत्या गुडघ्यांचं चित्र

बेल्ह्याची तेजस्विनी टेम्पो उलटून जखमी झाली, तेव्हा तिचा चित्रकलेचा कोर्स नुकताच संपला होता. ऑपरेशन करून डाव्या पायात सळई बसवली. अंथरुणात पडल्या पडल्या ती आरशात बघून स्वतःलाच रंगवू लागली. एका चित्रात डाव्या पायाच्या जागी छत्रीचा दांडा होता. दुसऱ्यात ती गुरांच्या बाजारातली गाय झाली होती. तोंड तिचं, शिंगं हिंगुळानं रंगवलेली आणि एक बाई ओठ फाकवून तिचे दात बघतेय. ठणका सोसेनासा झाला की ती ब्रश घ्यायची आणि चित्र पुरं झालं की खुदकन हसायची. आई कुशाबाई ती चित्रं कपाटामागं लपवायची.

१९९९ साली आळेफाट्याचं स्थळ आलं. मुलगा भरत, गॅरेजवाला. पाहुणे यायच्या आधीच बसून राहा, म्हणजे लंगडणं दिसणार नाही, असं आईनं बजावलं. तेजस्विनीनं मान डोलावली.

भरतची आई साळुबाई गुडघे दाबत सतरंजीवर टेकल्या. चहा आल्यावर त्यांनी विचारलं, मुलीला भरतकाम वगैरे येतं का. कुशाबाई रुमाल आणायला निघाली, तोवर तेजस्विनीच उठली. सगळी खोली लंगडत ओलांडून तिनं कपाटामागची चित्रं काढली आणि पाहुण्यांपुढं मांडली.

भरतचा कप ओठापाशीच थांबला. साळुबाई गाईच्या चित्रावर वाकल्या.

"ही दात बघणारी बाई कोण गं?"

"अजून ठरली न्हाई. जी येईल ती."

साळुबाईंना हसू आवरेना. भरतनं मात्र नकार कळवला. कुशाबाईनं लेकीशी अबोला धरला. तेजस्विनीलाही लागलं, पण नकाराचं नाही. त्यानं चित्रांकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या आठवडी बाजाराला साळुबाई एकट्याच एसटीनं आल्या.

"सोयरीक गेली खड्ड्यात," त्या दारातच म्हणाल्या. "माजं चित्र काढ. गुडगं लई दुखत्यात, ते दिसलं पायजे."

कसं दाखवू, असं तेजस्विनीनं विचारलं. साळुबाईंनी जरा विचार करून सांगितलं, गुडघ्यांच्या जागी दोन पेटत्या चुली काढ, आणि भाकरी थापायला घरातली सगळी गडीमाणसं बसव.

"भरतच्या हाताला पीठ दाव. जल्मात कधी लागलं न्हाई त्याच्या."

चित्राला बऱ्याच खेपा लागल्या. आता ते आळेफाट्याला साळुबाईंच्या स्वयंपाकघरात आहे. भरत त्याच्याकडे पाठ करून जेवतो.